सगळ्यात गडद तपकिरी

४ मार्च

ठकीस,

मामाचे आशीर्वाद. नेहमीपेक्षा मूठभर जास्तच, कारण या वेळी माझं तुझ्याकडे काम आहे.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, म्हणून ते धरायचं नाही. फोन कर म्हणतेस, पण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो. बत्तीस वर्षं कापड गिरणीच्या रंगखात्यात काढली, तिथल्या खडखडाटाने कानांची वाट लावली. डोळे मात्र अजून ठणठणीत आहेत. म्हणून पत्रच बरं.

तर तू लिहितेस की तुमच्या लॅबमध्ये पोटाच्या कॅन्सरच्या जुन्या ऑपरेशनांतले तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवलेत. तुम्ही त्यांचे पापुद्रे कापता, काचेवर लावता आणि त्यात एक एन्झाइम किती आहे ते रंग देऊन बघता. जास्त असेल तर गडद तपकिरी, कमी असेल तर फिकं. त्यावरून पेशंटचं पुढे कसं होणार याचा अंदाज बांधता येतो का, हे तुमच्या मॅडम शोधतायत. ठके, एन्झाइम मला शिकवू नकोस. कोऱ्या कापडावरची खळ काढायला आम्ही एन्झाइमच वापरायचो. पाणी जरा जास्त तापलं की ते मरायचं आणि सगळा लॉट खळीसकट माझ्या बोडक्यावर. तुझं पत्र आल्यापासून मी चहा कोमट प्यायला लागलोय, खबरदारी म्हणून.

आता काम. माझं पोट अकरा वर्षांपूर्वी तुमच्याच हॉस्पिटलात कापलं. म्हणजे माझाही तुकडा तुमच्या कपाटात कुठेतरी असणार. तेवढा बघून त्याची शेड कळव. माझा गडदच असणार, याची मला खात्री आहे. आपल्या घराण्यात फिकं काही नाही.

कशाला हवंय म्हणशील. सहजच. बरं, सहज नाही. आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई आहेत ना, मागे तू आली होतीस तेव्हा तुला दंड माफ केला होता त्या. मे महिन्यात त्या निवृत्त होतात. मुलगी त्यांना आपल्याकडे राहायला बोलावतेय, दूर. त्यांनी मला परवा काउंटरवरून विचारलं की मास्तर, मी जावं की राहावं, आणि राहायचं तर एका घरात राहावं, रीतसर लग्न करून. मागे तीन जण रांगेत उभे होते. मी म्हटलं विचार करून सांगतो. त्या म्हणाल्या एप्रिलअखेर सांगा, मुलीला कळवायचंय. बाईंनी पहिल्या नवऱ्याच्या उशाशी चार वर्षं काढलीयत, तो आजार मी लांबून पाहिलाय. त्यांना पुन्हा तसं बसवायचं माझ्या मनात नाही. म्हणून आधी माझी शेड कळली पाहिजे. गडद निघाली की हो म्हणून मोकळा होतो.

बाकी सगळं छान. टेबल डुगडुगायचं ते आता अगदी थांबलंय.

तुझा,
रंगमास्तर मामा


९ मार्च

प्रिय मामा,

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, मग तुला पोटभर चिडवते. तू उलटं समजलास. गडद म्हणजे चांगलं नाही रे. आमच्याकडे गडद म्हणजे ते एन्झाइम जास्त, आणि ज्यांच्या गाठीत ते जास्त सापडतंय त्यांचा आजार पुढे जास्त त्रास देताना दिसतोय. निदान आतापर्यंतच्या ठोकळ्यांवरून तरी. तू बत्तीस वर्षं गडद आणि पक्का रंग आला की शाबासकी घेत आलास, म्हणून तुला तसं वाटलं. इथे आम्हाला फिकं आवडतं.

दुसरं म्हणजे मी तुझा तुकडा शोधू शकत नाही. मनात आणलं तरी नाही. ठोकळ्यांवर फक्त नंबर असतात, नावांची वही मॅडमच्या कपाटात कुलपात. नाव कळलं तर नजर बदलते, म्हणून असं करतात. आणि मी इथे येऊन जेमतेम आठ महिने झालेत, कुलपाशी खेळले तर नोकरीला मुकेन.

तिसरं जास्त महत्त्वाचं आहे. ही शेड शंभर माणसांबद्दल काहीतरी सांगते, एका माणसाबद्दल नाही. गडदवाल्या शंभरांतले जास्त जण लवकर आजारी पडतात, एवढंच. त्या शंभरांत तू कुठे उभा आहेस ते शेड सांगत नाही. तेव्हा लग्नाचं एन्झाइमवर टाकू नकोस. बाईंनी रांगेसमोर विचारलं हे मला फार म्हणजे फारच आवडलं. तू मात्र विचार करून सांगतो म्हणालास. धन्य आहेस.

इथे सध्या डोक्याला ताप आहे. रंग मॅडम बघतात आणि दुसरे एक डॉक्टर बघतात, जे चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत असतात. दोघांनी वेगवेगळं बसून शून्य ते तीन असे गुण द्यायचे. मॅडम दोन देतात तिथे हे एक देतात, मॅडमनी एक दिला की हे तीन. परवा तर चष्मेवाल्यांनी त्याच स्लाइडला सकाळी दोन आणि दुपारी एक दिला, आणि दोन्ही वेळा ठामपणे.

आमच्यात एकाच गोष्टीवर एकमत आहे, ती म्हणजे दादासाहेब. दादासाहेब हा एक ठोकळा आहे. प्रत्येक बॅचबरोबर एक असा तुकडा रंगवायचा असतो जो हमखास गडद येतो. तो गडद आला तर रंग नीट लागला, नाही आला तर अख्खी बॅच फेकायची. अख्ख्या कपाटात सगळ्यात गडद हाच, म्हणून त्याला नेमलाय. सकाळी मी पहिला पापुद्रा त्याचा काढते, आणि मॅडम आल्या आल्या विचारतात, दादासाहेब आले का. ते आले की दिवस सुरू. कोण बिचारा होता कोण जाणे.

कोमट चहा बंद कर. कढत चहाने पोटातलं एन्झाइम मरत नाही, फार तर जीभ भाजते.

तुझी,
ठकी


१५ मार्च

ठकीस,

पत्र वाचून मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या. शेजारच्यांनी येऊन बरं आहे ना विचारलं, इतक्या मारल्या. गडद म्हणजे वाईट, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? मी तर बाईंना सांगूनही आलो होतो की माझा गडद निघणार, काळजी नको. त्या म्हणाल्या, असं का, छान. आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की गडद निघू नये म्हणून बसलोय?

तुझ्या दोन डॉक्टरांचं दुखणं मला वाचताक्षणी कळलं. हे आमच्या खात्यात रोजचं होतं. चार गडद ताग्यांनंतर मध्यम तागा बघितला की तो फिका दिसतो, आणि फिक्यांच्या मागून तोच गडद. डोळा आधीचं विसरत नाही. म्हणून मी काय करायचो, खिशात राखी रंगाचा एक चौकोनी फडका ठेवायचो. एक तागा बघितला की दोन श्वास त्या फडक्याकडे बघायचं, मग मूळ नमुन्याकडे, मग पुढचा तागा. आणि जेवून आल्यावर अर्धा तास शेड ठरवायची नाही, पोट भरलं की डोळा उदार होतो. त्यांना सांग, प्रत्येक गुणाचा एकेक नमुना शेजारी ठेवा, आणि प्रत्येक स्लाइडआधी त्याच्याकडे बघा. तुमचे ते दादासाहेब आहेतच, तीन गुणांचा नमुना म्हणून त्यांनाच बसवा. फडका सोबत पाठवतोय. धुतलेला आहे.

आता माझं. तू म्हणतेस शेड एका माणसाबद्दल सांगत नाही. बरोबर असेल. पण ठके, अकरा वर्षं मी कसा जगलो ते तुला ठाऊक नाही. ऑपरेशननंतर मी एकही दोन वर्षं टिकणारी वस्तू घेतली नाही. चपला सुद्धा पावसाळ्यापुरत्या. कुंडीत फक्त वाल आणि झेंडू, झाड म्हणून काही लावलं नाही. वाचनालयातून नेहमी बारीक पुस्तकं आणतो, शंभर पानांच्या आतली, जाड घेतलं आणि अर्ध्यात राहिलं तर कोणाला तरी परत करायला लागेल. बाईंनी हे ओळखलं. एकदा त्यांनी एक तीन खंडांची कादंबरी पुढे सरकवली. मी परत सरकवली. पण तेव्हापासून ती कादंबरी काउंटरच्या खाली ठेवलेली मला दिसते.

असा माणूस लग्न कसं करेल, तूच सांग. मला माझी शेड कळू दे. जुना रिपोर्ट काढलाय, त्यावर ठोकळ्याचा नंबर आहे, एक चार दोन सात. कुलूप तोडू नकोस. मॅडमना सरळ विचार, पेशंट स्वतःचं मागतोय म्हणून.

मामा


२२ मार्च

प्रिय मामा,

फडका पोचला. मॅडम आधी हसल्या आणि मग त्यांनी तो मायक्रोस्कोपशेजारी ठेवला. चष्मेवाल्यांनी त्याला नाक पुसलं, तेव्हा दुसरा आणावा लागला. पण मामा, कमाल झाली. शंभर स्लाइड दोघांनी पुन्हा तपासल्या, ब्याण्णवांना सारखे गुण पडले. आधी एकसष्टांना पडायचे. जेवणानंतर आता अर्धा तास कोणी मायक्रोस्कोपला हात लावत नाही, त्यामुळे सगळे तुझ्यावर खूश आहेत.

इथे हवा छान आहे. माझ्या खोलीची खिडकी आता नीट लागते. आईचा गुडघा बरा आहे. काल लॅबमध्ये कोणाचा तरी वाढदिवस होता, केक होता, मी दोन तुकडे खाल्ले.

तू जप. वेळच्या वेळी खात जा, थोडं थोडं, सहा वेळा. डॉक्टरांकडे वर्षाची तपासणी कधी आहे ते कळव.

तुझी,
ठकी


२७ मार्च

ठकीस,

फडका कामाला आला, फार बरं वाटलं. म्हाताऱ्याची विद्या अगदीच वाया गेली नाही.

तपासणी जानेवारीतच झाली. इथले डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी या, आणि येताना वालाच्या शेंगा आणा.

तुझ्या पत्राबद्दल थोडं. आमच्या गिरणीत बाहेरून खरेदीदार यायचे. माल पसंत असला की भाव पाडायला ते दोष काढायचे, कडा वाकडी, घडी चुकली. पसंत नसला की चहाची तारीफ करायचे. तू खिडकीची, केकची आणि आईच्या गुडघ्याची तारीफ केलीस आणि एक चार दोन सात या नंबराबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. मला कळायचं ते कळलं. तुझ्यावर राग नाही, उलट तू खोटं लिहिलं नाहीस याचं बरं वाटलं.

पोटात गोळा वगैरे काही आला नाही. पोटच पाव उरलंय, गोळा मावणार कुठे.

काल वाचनालयात जाऊन बाईंना सांगून आलो, तुम्ही मुलीकडे जा म्हणून. कारण असं दिलं की मला एकटं राहायची सवय लागलीय आणि मी घोरतो. त्या म्हणाल्या बरं. माझं पुस्तक जमा करून घेतलं, शिक्का मारला. विषय संपला.

वालाला फुलं आलीयत.

मामा


३० मार्च

चि. भाचीबाईंस,

तुमचा माझा परिचय एका माफ केलेल्या दंडापुरता आहे. तरी लिहिते, कारण गुन्हा कबूल करायचा आहे. मास्तरांनी परवा परत केलेल्या पुस्तकात खूण म्हणून तुमचं नऊ तारखेचं पत्र राहिलं होतं. पुस्तकात सापडलेले कागद न वाचता परत करायचे हा आमचा नियम आहे. छत्तीस वर्षं पाळला. या वेळी मोडला.

मास्तर मला म्हणाले की ते घोरतात, म्हणून लग्न नको. मला हे कारण पटलं नाही, आणि तुमचं पत्र वाचल्यावर खरं कारण कळलं. तुमच्या त्या तपकिरी रंगाचं पुढे काय निघालं ते मी विचारत नाही. ते त्यांचं आहे. मला एवढंच सांगायचं आहे की उशाशी बसायचं की नाही हे मी ठरवायचं, मास्तरांनी नाही. मी ते एकदा केलं आहे. त्यात काय असतं ते त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. त्या चार वर्षांत आम्ही दोघं हसलोही पुष्कळ, हे मास्तरांना लांबून दिसलं नसेल. तुम्हाला योग्य वाटलं तर हे त्यांना सांगा, मी सांगायला गेले की ते घोरण्याचं काढतात.

आणखी एक. तुम्ही हॉस्पिटलातल्या आहात म्हणून कानावर घालते. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले असता माझं पेन टेबलाखाली पडलं. टेबलाच्या तोकड्या पायाखाली तुमच्या हॉस्पिटलच्या लांबट पाकिटांची चळत आहे. मी मोजली, नऊ होती. एकही फोडलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, दर वर्षी एक येतं, चांगलं मजबूत असतं, टेबल डुगडुगत नाही.

वाचनालयाची ग्रंथपाल


४ एप्रिल

प्रिय मामा,

हे पत्र बसून वाच. चहा जवळ घे, गरम. आणि शेवटपर्यंत वाच, अर्ध्यात उठून वालाला पाणी घालायला जाऊ नकोस.

तुझा नंबर वाचला तेव्हा मी स्टुलावरून पडायची राहिले. कपाटात शोधावंच लागलं नाही. तो नंबर मला पाठ आहे, आठ महिने रोज सकाळी मी तो पहिला हातात घेते. मामा, एक चार दोन सात म्हणजे दादासाहेब. सगळ्यात गडद. कोण बिचारा कोण जाणे असं मी ज्याच्याबद्दल लिहिलं तो तू होतास.

मी घाबरले. तुला लिहिलं तर तू फक्त गडद एवढंच वाचशील आणि बाकीचं मनाने भरशील, म्हणून केकबद्दल लिहिलं. चूक झाली. तू न लिहिलेलंही वाचतोस हे विसरले. परवा मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला दादासाहेबांच्या कामातून बाजूला केलं, ते नियमाने बरोबरच होतं. मग कुलूप उघडून वही काढली. तुझ्या नावापुढे चौदाव्या महिन्याची तपासणी आहे, आणि त्यापुढे लिहिलंय, नंतर माहिती नाही.

मॅडमनी विचारलं, तुझे मामा वारले कधी? मी म्हटलं, वारले नाहीत, वालाला फुलं आलीयत. त्यांनी वहीतल्या नोंदीवर पुन्हा बोट ठेवलं. मग चष्मेवाल्यांना हाक मारून म्हणाल्या, अहो, दादासाहेब जिवंत आहेत. ते कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घ्यायला विसरले आणि दारावर आपटले. अख्ख्या लॅबमध्ये मग दुसरं काम झालं नाही.

आता नीट ऐक, मॅडमनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. गडदवाल्यांपैकी ज्यांचा आजार परततो, त्यांचा बहुतेक पहिल्या तीन वर्षांत परततो. आमच्या आलेखात त्यांची रेघ पायऱ्या उतरत खाली येते. पण तीन-चार वर्षांनंतर जे उरतात, त्यांची रेघ सपाट चालते. तुला अकरा वर्षं झालीयत, तुझ्या डॉक्टरांना दर वर्षी फक्त वालाच्या शेंगा हव्या असतात. ती शेड म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी विचारलेला प्रश्न होता, पुढे कसं होईल. त्याचं उत्तर तू अकरा वर्षं जगून देऊन बसलायस, आणि आता मागे जाऊन प्रश्न वाचून घाबरतोयस. खात्री मॅडम कोणालाच देत नाहीत, त्यांना स्वतःचीही नाही. पण त्या म्हणाल्या, या माणसाने आता न्हाणीघरात पाय घसरणार नाही याची काळजी घ्यावी.

आणि ती नऊ पाकिटं. मला बाईंनी कळवलं, त्यांना रागावू नकोस. मामा, ती पाकिटं फोड. मला वाटतं त्यात काय आहे ते मला माहीत आहे.

बाई असंही म्हणाल्या की उशाशी बसायचं की नाही हे त्या ठरवतील, तू नाही. आणि त्या चार वर्षांत ती दोघं पुष्कळ हसली, ते तुला लांबून दिसलं नाही. मला हे वाचून रडू आलं.

आठ महिने तू रोज सकाळी माझ्याबरोबर कामाला होतास, आणि मला पत्ता नव्हता.

तुझी,
ठकी


९ एप्रिल

ठकीस,

अक्षर वाकडं आलंय, कारण टेबल डुगडुगतंय. पाकिटं काढली.

ऑपरेशनच्या वेळी एक पाकीट उघडलं होतं आणि त्यात काय निघालं ते तुला ठाऊक आहे. तेव्हापासून हॉस्पिटलचं पाकीट फोडायचं नाही असं ठरवलं होतं. परवा सुरी घेऊन बसलो आणि एकेक फोडलं. पहिल्यात लिहिलंय, आपली प्रकृती कशी आहे, कृपया कळवावे. दुसऱ्यात तेच. चौथ्यात, आपल्याकडून उत्तर आले नाही. सातव्यापासून सुरुवात बदलली, रुग्णाच्या कुटुंबीयांस. नवव्यात तर आपल्या दुःखात सहभागी आहोत असंही आहे. नऊ वर्षं कोणीतरी मी कसा आहे विचारत होतं, ठके, आणि मी त्यावर टेबल टेकवून ठेवलं होतं. मी मोठ्याने हसलो. मग ती तारखेप्रमाणे लावून ठेवली.

नंतर शर्ट बदलला आणि वाचनालयात गेलो. बाई यादी करत होत्या. या वेळी रांग नव्हती, नेमकी हवी होती तेव्हा. मी म्हटलं, "बाई, माझा रंग सगळ्यात गडद निघाला. अख्ख्या कपाटात."

त्या यादीतून मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही म्हणालाच होतात."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, प्रश्न आणि उत्तर आणि सपाट रेघ, जसं तू लिहिलंस तसं. आणि म्हटलं की मुलीला अजून कळवलं नसेल तर मला पुन्हा विचारा, मी घोरण्याचं मागे घेतो. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मुलीला मी मार्चमध्येच कळवलंय, येत नाही म्हणून. तुम्ही नाही म्हणून गेलात त्याच संध्याकाळी. मी विचारलं, म्हणजे माझा रंग कळायच्याही आधी? त्या म्हणाल्या, "मास्तर, मी रंग विचारला नव्हता. राहू का, एवढंच विचारलं होतं."

मी तिथल्या बाकावर बसलो.  बाईंनी काउंटरच्या खालून त्या कादंबरीचा पहिला खंड काढला आणि माझ्या कार्डावर शिक्का मारला. सहाशे चाळीस पानं आहेत. बाकीचे दोन तिथेच आहेत म्हणाल्या.

येताना कुंडी घेतली, मोठी. लिंबाचं कलम लावायचंय. दुकानदार म्हणाला फळ धरायला चार वर्षं लागतील. मी म्हटलं लागू देत.

मॅडमना नमस्कार. त्यांना सांग, दादासाहेबांना यायला जरा उशीर झाला. त्यांनी नवा छापील फॉर्म पाठवावा, या वेळी भरून पाठवतो.

मामा


फॉर्म, जुन्या रुग्णांची माहिती
(मे महिन्याच्या बारा तारखेला लॅबमध्ये पोचला, सोबत वालाच्या शेंगांची पिशवी)

ठोकळा क्रमांक: १४२७

रुग्ण हयात आहे का: हो. नऊ वर्षांचं एकदम लिहितोय. हो, हो, हो, हो, हो, हो, हो, हो, हो.

सध्याची प्रकृती: उत्तम. थोडं थोडं खातो, सहा वेळा. घोरतो, पण दुसऱ्याला कळेल इतकंच.

गेल्या वर्षात रुग्णालयात दाखल व्हावे लागले का: नाही.

सध्याची दिनचर्या: वाचन. पहिल्या खंडाचं पान ३११. दुपारी लिंबाला पाणी.

इतर काही कळवायचे असल्यास: ठकीने लिहिलंय की मेणाचा तो ठोकळा आता संपत आलाय, थोडेच पापुद्रे निघतील. संपू द्या. नवीन नमुना शोधा. माझ्याकडून आणखी तुकडा मिळणार नाही. सहीसाठी पेन पुढे देतो.

माहिती देणाऱ्याची सही: (वाचनालयाच्या सवयीने सहीखाली तारखेचा शिक्काही मारला आहे, क्षमस्व.)

रुग्णाशी नाते: पत्नी. कालपासून.